राणीच्या वस्त्राचा काठ

आजच्या सभेचे अध्यक्ष, महामांत्रिक नादिनू. व्यासपीठावरील ज्योतिषी आणि सरदार मंडळी. अगदी मागच्या रांगेत, खांबाआड बसलेले आमचे माननीय शेतकरीबुवा. आणि मला निरोप द्यायला जमलेल्या निनवेकरांनो,

शेतकरीबुवा म्हटल्यावर कुणीतरी खाकरलं. खाकरू नका. ग्रहणाचं अरिष्ट टळेपर्यंत खऱ्या महाराजांना शेतकरी म्हणायचं आणि गादीवर भलत्यालाच बसवायचं, हा रिवाज तुमचाच. चंद्राला सावली लागली की राजाचं मरण ठरलेलं. ते मरण त्या भलत्याने घ्यायचं. त्यासाठी राजवाड्याच्या बागेतला मी, रिमूत माळी, तुम्हाला सापडलो. हा मी माझा मान समजतो. दुसरं काय समजणार?

नादिनूंनी आत्ता माझ्या कारकिर्दीचा गौरव केला. संकोच वाटला. मी केलं काय? खाल्लं, झोपलो, मुकुटाने कपाळ सोलून घेतलं. कारकीर्द म्हणावी ती शेतकरीबुवांची! डोंगर फोडून त्यांनी शहरात पाणी आणलं, म्हणून माझी डाळिंबं जगली. समुद्रापर्यंतचे राजे त्यांच्या पायाशी लोळले. तटाच्या विटाविटांवर त्यांचं नाव आहे. आपली नातवंडं-पतवंडं तेच वाचतील. आणि एवढा माणूस एका सावलीला भ्याला! मला हसू येत नाही हो, वाईट वाटतं. शेवटी माळ्यासारखंच भ्यायचं होतं, तर एवढं मिळवलं कशाला?

मीही भ्यालोय. लपवत नाही.

पण मला बोलायचंय ते दुसऱ्याच कुणाविषयी. राजाला राणी हवी, म्हणून तुम्ही वेशीबाहेरच्या विणकरांच्या आळीतून दमकायाला उचलून आणलंत. ही काय, शेजारीच बसली आहे. माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. मी तिला लेकच मानलं. पहिल्या दिवशी मी ताटाला हात लावेना, तर म्हणते कशी, "अहो बाबा, जेवा की! राजा झालात म्हणून पोट काय देवळात ठेवून आलात?"

मी म्हटलं, "तुला ठाऊक आहे ना, पुढे काय होणार ते?"

"तुमचं ठाऊक आहे," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "माझंही तेच?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं, मंडळी. राणी राजाबरोबर जाते, हे मला सांगावं लागलं. दिवे लागल्यावर एवढंच म्हणाली, "आईला सांगायला तरी हवं होतं कुणी."

मी नादिनूंच्या हातापाया पडलो. मुकुट घालून पडलो, तेही बघणाऱ्यांनी बघितलं. ते म्हणाले, "महाराज, आमचा नाइलाज आहे. बायकोने नवऱ्याबरोबर जायचंच." बरोबर आहे त्यांचं. बायकोने जायचं.

ऊठ, दमकाया. अशी पुढे ये. घाबरू नकोस गं, माझी छाटणीची सुरी आहे ही.

नवऱ्याने चारचौघांत बायकोच्या वस्त्राचा काठ कापला की ती त्याची बायको उरत नाही. हे निनवेत पोराटोरांनाही माहीत आहे. हा बघा, मी काठ कापला. तुम्ही सगळे साक्षीदार.

नादिनू, बसा. राजाचं बोलणं संपलेलं नाही. हा काडीमोड खोटा म्हणत असाल, तर मी राजा नव्हतोच. मग अरिष्टही माझ्यावर आलेलं नाही. ते अजून त्या खांबामागे बसलंय. बोला, काय म्हणता? शेतकरीबुवा, तुम्ही उठू नका. राजाच्या सभेत शेतकऱ्याने तोंड उघडायचं नसतं.

कुणीच काही म्हणत नाही? उपकार झाले.

जा पोरी, आईकडे जा. माझ्याकडे बघत बसू नकोस. आणि वेळेवर जेवत जा.

मंडळी, आपण मला गादी दिलीत, गोडधोड खाऊ घातलंत, आज एवढ्या संख्येने आलात. मी सर्वांचा ऋणी आहे. माळी माणूस, बोलताना कुणाला काटा लागला असेल तर चूक पोटात घाला. माझ्या पोटात घालायचं ते तुम्ही पेल्यात तयार ठेवलंच आहे. पण दमकाया वेशीबाहेर पडली की पहारेकऱ्याने तटावरून शिंग फुंकायचं, हा माझा शेवटचा हुकूम आहे. ते शिंग ऐकल्याशिवाय मी पेल्याला हात लावणार नाही. तोवर आपणा सर्वांना ताटकळावं लागेल, तेवढी माफी असावी.