सव्वा मीटर

मामा : दोर मी देणार नाही, मॅडम. चुन्याची गाडी न्या, पाण्याचा पाइप न्या, माझी बसायची खुर्ची न्या. दोर नाही.

मॅडम : मला न्यायचा नाहीये, मामा. मोजायचाय. इथेच, तुमच्यासमोर.

मामा : बावीस वर्षं झाली त्याला. सरांनी स्वतः मापून, स्वतः गाठ मारून माझ्या हातात दिला. म्हणाले, मामा, मैदानातल्या खुंटीपासून या गाठीपर्यंत साडेछत्तीस मीटर. एवढं धरून वळण मारायचं, आणि दोर कधी बदलायचा नाही. सरांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मी ती चुन्यात मारायचो, एवढंच.

मॅडम : दर सोमवारी?

मामा : दर सोमवारी, सकाळी सहाला. थोरलीचं लग्न सोमवारी होतं, तेव्हा आधी रेघ मारली आणि मग आंघोळीला गेलो. बायको अजून ऐकवते. आणि तुम्हाला येऊन बारा दिवस झालेत.

मॅडम : तेरा. तेरा दिवसांत माझ्या स्कूटरची हवा तीनदा गेलीय.

मामा : मी नाही सोडली.

मॅडम : ठाऊक आहे. तुम्ही सही केलीत. पहिली.

मामा : केली, लपवत नाही. ‘जुन्या सरांना परत आणा’, त्या कागदावर पहिलं नाव माझं. फाटकाशी उभं राहून पालकांच्या सह्याही मीच गोळा केल्या. निम्मे सही करायचे, निम्मे तोंड फिरवून जायचे. तुमच्यावर राग नाही, मॅडम. पण एवढा मोठा माणूस, त्याला एका पत्रानं घरी बसवलं. का, तर म्हणे मुलांचं टायमिंग घसरलं.

मॅडम : घसरलंय, मामा. सरांच्या सगळ्या वह्या वाचल्या मी. प्रत्येक मूल, प्रत्येक शर्यत, वारा कुठून होता तेसुद्धा लिहिलंय. बारा वर्षांपूर्वीच्या एका मुलाच्या नावापुढे ‘आज उपाशी आला आहे, वेळ धरू नये’ असा शेरा आहे. अशा वह्या मी आजवर कुणाच्या पाहिल्या नाहीत. वाचताना मला माझीच लाज वाटली.

मामा : मग दोर कशाला हवाय?

मॅडम : शंभर मीटरवाले घसरत नाहीत म्हणून.

मामा : म्हणजे?

मॅडम : शंभर मीटर सरळ असतं, त्यात वळण नाही. ती मुलं दरवर्षी थोडी पुढेच जातात. दोनशेत एक वळण आहे, तिथे जरा घसरतं. चारशेत दोन वळणं, तिथे दुप्पट. तीन हजारात साडेसात फेऱ्या, तिथे तर बघायलाच नको. दरवर्षी मुलं नवी येतात, आणि सगळी नेमकी वळणावरच आळशी होतात, असं कुठे असतं का?

मामा : तुम्हाला म्हणायचंय काय?

मॅडम : काहीच नाही. टेपचं टोक धरा.

मामा : धरतो की. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हे खुंटीशी धरलं. घ्या गाठ. रेघ मारताना जेवढा ताणतो तेवढाच ताणलाय, उगाच शंका नको.

मॅडम : वाचा आता. तुम्हीच या इकडे.

मामा : चष्मा नाही जवळ.

मॅडम : डोक्यावर आहे, मामा.

मामा : सदतीस. सदतीस पंचाहत्तर. टेप वाढली असेल तुमची.

मॅडम : पोलादी आहे.

मामा : पुन्हा लावा.

मॅडम : लावली. बघा.

मामा : सदतीस पंचाहत्तर.

मॅडम : सव्वा मीटर जास्त. दोन वळणं मिळून एका फेरीला आठ मीटर. तीन हजारच्या शर्यतीत साठ.

मामा : बसतो जरा.

मॅडम : पाणी देऊ?

मामा : नको.

मॅडम : मामा, रेघ मारून झाली की दोर कसा ठेवता?

मामा : धुतो. चुना दोर खातो ना. मग ओला असतानाच शेडमध्ये खिळ्यांवरून फिरवून टांगतो. वेटोळी पडू नयेत म्हणून सुटलेल्या टोकाला दोन विटा बांधतो. भांडारातून तीनदा नवा दोर आला, तीनदा परत पाठवला. म्हटलं, सरांच्या हातचा आहे. पोटच्या पोरासारखा जपला हो मी. जपून जपून लांब केला.

मॅडम : दरवर्षी दोन-तीन बोटांनी वाढत गेला असणार. डोळ्यांना कसं कळणार?

मामा : बाहेर स्पर्धेला गेली की आपली पोरं खुलतात, असं सर म्हणायचे. आम्हाला वाटायचं, तिथे बँड असतो, माणसं टाळ्या वाजवतात, म्हणून. मग संस्थेनं नियम काढला, घरच्या मैदानावर टायमिंग बसेल त्यालाच बाहेर पाठवायचं. दोन वर्षं झाली, कोणी गेलंच नाही. म्हणजे सरांना घालवलं ते मी. आणि सह्या घेत फिरलो तोही मीच.

मॅडम : दहा वाजता विश्वस्तांची सभा आहे. मी मांडणार आहे सगळं. मैदानाचं माप चुकलं, एवढंच सांगेन. तुमचं नाव घ्यायची गरज नाही. निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमच्या.

मामा : आणि तुमची नोकरी? तुम्हाला आणलं ते त्याच आकड्यांवर ना?

मॅडम : हो, त्याच आकड्यांवर.

मामा : तरी मांडणार?

मॅडम : मोजल्यावर न मोजल्यासारखं करता येत नाही, मामा. ते कोण येतंय?

मामा : सर. कपाट रिकामं करायला बोलावलंय त्यांना. देवा, आजच यायचं होतं.

सर : काय मामा, मातीत का बसलास? निवृत्तीचा सराव का? नमस्कार, बाई. तुमचा वेळ घेत नाही. दोन ट्रॅकसूट आणि एक शिट्टी, एवढाच माझा संसार.

मामा : सर, दोर वाढलाय.

सर : कुठला दोर?

मामा : तुम्ही दिलेला. सव्वा मीटर. फेरीला आठ मीटर. पोरं घसरली नाहीत, सर. माझी रेघ सरकली. तुमची नोकरी माझ्या हातानं गेली. मारा मला, पण हसू नका.

सर : हसत नाही. थांब जरा. बाई, आठ म्हणालात?

मॅडम : आठ. दोनदा मोजलं.

सर : म्हणजे तीन हजारला साठ मीटर. आपली टिटवी गेल्या महिन्यात दहा अडतीस पळाली. हवं होतं दहा तीस. आठ सेकंदांसाठी तिचं नाव कापलं. साठ मीटर म्हणजे तिच्या चालीनं बारा सेकंद. मामा, ती वेळेत बसत होती. ती केव्हाचीच बसत होती.

मामा : तेच म्हणतोय मी.

सर : शेवटच्या फेरीत मी तिला ओरडायचो, पाय ओढतेस म्हणून. एकदाही उलटून बोलली नाही. मान हलवायची आणि आणखी जोर लावायची. एरवी अखंड बडबड, म्हणून तर टिटवी नाव ठेवलं. एकटी तीच नाही, ही सगळी पोरं. मी सांगत होतो, कमी पडताय, आणि ती दरवर्षी जास्त पळत होती. अरे, काय पोरं होती ही.

मॅडम : स्पर्धेसाठी नावं पाठवायची मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे, सर.

सर : ती कुठे आहे?

मॅडम : व्हरांड्यात बूट बांधतेय. नाव कापलं तरी रोज येते. मी नवीन, माझ्याशी बोलत नाही, पण येते.

सर : मामा, ऊठ. चुना आहे?

मामा : तीन पोती आहेत.

सर : दोन्ही वळणं पुन्हा मार. बाईंच्या टेपनं.

मामा : माझ्या हातून नको आता.

सर : मग कुणाच्या? एवढी सरळ रेघ दुसऱ्या कुणाला मारता येते इथे? आणि दोर बदलू नको, हे कोणी सांगितलं होतं तुला?

मामा : तुम्ही.

सर : माझ्या घरात माझं एवढं कोणी ऐकलं नाही कधी. बावीस वर्षांत एकदा टेप लावावी, हे मलाही सुचलं नाही. चूक झाली ती दोघांची. अर्धी मला दे आणि गाडी काढ.

(वळणांवर ओली पांढरी रेघ, जुन्या रेघेच्या आत. टिटवीच्या चार फेऱ्या झाल्या आहेत. तिघे शेवटच्या रेषेशी उभे.)

मॅडम : सर, घड्याळ तुम्ही धरा. माझ्या एकटीचा आकडा सभेत कोण मानेल?

सर : माझ्या एकट्याचा तरी कोण मानेल? दोघेही आपापलं धरू.

मामा : मी बघू की नको?

सर : बघ. तिचं पाऊल ऐक. वाजतंय?

मामा : नाही वाजत. चुनासुद्धा उडत नाही हो. रेघ ओली आहे, तिला लागून पळतेय, आणि रेघेला धक्का नाही.

मॅडम : पाचवी फेरी. सर, चाल कमी होत नाहीये.

सर : दिसतंय मला.

मॅडम : मी अकरा वर्षं शिकवतेय. मुलींना पळताना खूप पाहिलंय. असं नाही पाहिलं.

सर : मीही नाही. म्हणजे रोज पाहत होतो, आणि पाहिलं नाही.

मामा : अंगावर काटा आला बघा माझ्या. या वयात.

मॅडम : सर, सभेला तुम्ही चला. परत या. मी सांगते त्यांना.

सर : तुमचं काय?

मॅडम : ठेवलं तर मोजायला राहीन.

सर : ते ठेवतील न ठेवतील, त्यांचं ते बघतील. आज तिचं नाव गेलं पाहिजे, बाकी सगळं नंतर. सहावी झाली. हाक मारायची सवय आहे मला, आज मारू का?

मामा : नका मारू. तिला कळतंय.

मॅडम : शेवटची. आली, वळणातून आली. बघा, बघा कशी येतेय.

सर : आता.

मॅडम : माझं दहा चौदा.

सर : माझंही. दहा चौदा.

मामा : हवं होतं दहा तीस ना?

सर : हो, मामा. दहा तीस.

मामा : सर, डोळे पुसा. पोरगी बघतेय.

सर : चुना गेलाय डोळ्यात.

मॅडम : सर, ती थांबली का नाही? अजून पळतेच आहे.

मामा : काहीतरी ओरडतेय लांबून. थांबा, ऐकू द्या. विचारतेय, संपलं का एवढ्यात?

सर : सांग तिला, मामा, संपलं म्हणून.

मामा : सांगतो. सगळंच सांगतो. वर सभेत नंतर, आधी तिला.

मॅडम : मामा, दोर कशाला घेतलात?

मामा : तिला दाखवायला. किती जास्त पळाली ते तिनं हातात धरून बघायला हवं.