पायकल आणि बाकीचे काटे

इंग्लंडातल्या क्लिदरोजवळच्या एका शेतावर अवजारांचा लिलाव होता. चहाच्या रांगेत, लिलावाला आलेल्या ब्रेंडाच्या पुढे शेताचा मालक, म्हातारा ॲम्ब्रोज, लेकीशी कुरकुरत होता.

"हेझल, त्या ढिगावरची चिठ्ठी वाचलीस? 'जुने काटे.' शेण उपसायचा काटा आणि पायकल एकाच ढिगात!"

"दोन्ही काटेच ना, बाबा?"

"पायकलला दोन दात. त्यानं पेंढ्या गाडीवर चढवायच्या. शेणात घातला असतास तर आजीनं थोबाड फोडलं असतं."

"आता कोण म्हणतं पायकल?"

"तुझी आई म्हणायची. शेपटीला चिमटा असलेला तो किडा, त्याला फोर्कीटेल म्हणायची. तू किंचाळत पळायचीस."

"पुढे सरका, बाबा."

"एक पायकल बाजूला काढ. कॉलिनकडे राहायला गेलो की त्याच्या बागेत लागेल मला."

"त्याची बाग केवढीशी!"

"तरी काढ. आज बापाच्या शेतावरचं सगळं विकलं जातंय आणि पोरगा कुठंय? माझी खोली रंगवतोय?"

"साखर घ्याल ना?"

"मी काय विचारतोय?"

रांग सरकली. हेझल हलली नाही. ब्रेंडानेही तिला ढोसलं नाही.

"कॉलिन तुम्हाला ठेवून घेणार नाही, बाबा. मीही नाही. सोमवारी तुम्हाला वृद्धाश्रमात सोडायचंय."