त्या शिवणाच्या बाई नव्हत्या

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

अंबडच्या याच शाळेत सुमनताईंनी मला पहिल्यांदा बोलायला उभं केलं. तेव्हा ताई समोर बसल्या होत्या. आज त्यांचा फोटो आहे. बोलणं जमेल की नाही, माहीत नाही.

मी कमल. टेंभुर्णीची. शाळा सातवीपर्यंत. बाकीचं मागून आणून वाचलेलं. मालक गेले आणि मी वहीत लिहायला लागले. एकदा ती वही माझ्या दिरांच्या हाती लागली. ते म्हणाले, "वहिनी, घरातलं कागदावर आणायचं न्हाई. लोक वाचतील." मी वही चुलीत घातली. त्यांना दिसेल अशी.

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, इथं ताईंचं लेखन शिबिर होतं. आठ दिवस राहायचं. मी घरी सांगितलं, शिवणाचं प्रशिक्षण आहे.

आठ दिवस भीती. फोन वाजला की भीती. चौथ्या दिवशी दिरांचा फोन आलाच. मी उचलला आणि तसाच ताईंपुढं धरला. ताईंनी फोन घेतला. "हो हो, शिवणावर हात बसून राह्यलाय तिचा. बिलकुल काळजी करू नका." फोन ठेवून माझ्याकडं वळल्या. "कमल, खोटं तुझ्यासाठी मी बोलले. खरं तू सांगायचं. कधी, ते तू ठरव."

मी सांगितलं का? नाही. घरी गेले तर ओसरीवर शिलाई मशीन! दिरांनी जालन्याहून आणलेली. मला नुसतं बटण लावता येत होतं. ताईंना फोन केला. केवढ्या हसल्या! "मंग आता शिक जल्दी!" शिकले. गल्लीतली एकजण अजून म्हणते, "कमलबाय, तुमच्या बाईनं तुम्हाला बाही शिकवलीच न्हाई वाटतं."

मशीन थांबवून लिहायचं. दार वाजलं की वही कापडाखाली. तीन वर्षं असंच.

ताई गेल्याचं कळलं, तेव्हा दीर म्हणाले, "शिवणाच्या बाई गेल्या, जायला पाहिजे." त्यांनीच मला गाडीवर आणलं. ते तिसऱ्या रांगेत बसलेत. मघापासून इथं सगळे ताईंच्या लेखन शिबिराबद्दल बोलून राह्यलेत. शिवणाचं कुणीच बोललं नाही. आणि ते माझ्याकडं बघून राह्यलेत.

भाऊजी, मला भीती वाटते. आताही वाटते. तुमच्याच घरात मला राहायचं आहे. उद्यापासून तुम्ही माझ्याशी बोलाल का, तुमच्या पोरांना माझ्याजवळ बसू द्याल का, मला माहीत नाही. पण ताई शिवणाच्या बाई नव्हत्या. त्यांनी मला लिहायला शिकवलं. मी खोटं बोलले. मी लिहिते. तुमच्या भावाबद्दल लिहिते. आणि लिहिणं सोडणार नाही.

जे बोलायचं ते घरी बोला. आता मी थांबते. ताईंसाठी सगळ्यांनी थोडा वेळ गप्प उभं राहू या.

भाऊजी, तुम्हीपण उठा.