मॉस्को आता कुणाची

काका : सही तेवढी कर, देविका बेटा. वाचायची पण गरज नाही.

देविका : वाचलं, काका. "पेपर तपासताना माझ्याकडून चूक झाली." झालेलीच नाही.

हणमंत : अगं, चंद्रशेखरकाका रविवारी शाळेचा कागद घेऊन घरी आलेत. जरा विचार कर.

काका : तुझ्या नोकरीसाठी मीच शब्द टाकला होता ना शाळेच्या मोठ्या मॅडमकडे. म्हटलं, अपनी तरफ की लड़की है, एमए आहे. आता त्या मला विचारून राहिल्या, हा काय नग आणून ठेवला म्हणून.

देविका : अनन्या, काकांच्या कपाला हात नको, भाजेल. हं... काका, पेपर शाळेच्या तुमच्याच ऑफिसातून छापायला गेला. कधी?

काका : नोव्हेंबरात. मार्चचा पेपर नोव्हेंबरातच जाते. दरसाल.

देविका : आणि डिसेंबरात सोव्हिएत संघच संपला. पेपरात मात्र छापून आलं, "सोव्हिएत संघाची सध्याची राजधानी कोणती?"

हणमंत : मॉस्को. पुस्तकात तेच आहे.

देविका : पुस्तकातलं लिहिणाऱ्यांनाही मी मार्क दिला. आणि ज्या चौघींनी "आता राजधानी नाही" लिहिलं, त्यांनाही दिला. कुणाचं काय गेलं?

काका : मॅडम म्हणतात, एका प्रश्नाला दोन उत्तरं कशी? चौघींचा मार्क कापायचा, तू माफी लिहायची. बस, किस्सा खतम.

देविका : त्यातली गीता मलिहाबादहून बसनं येते. तिनं लिहिलंय, "संघ गेला. अकरा देशांनी मिळून राष्ट्रकुल केलं. त्याचं काम मिन्स्कमधून चालेल, पण ती राजधानी नव्हे, कारण राष्ट्रकुल हा देश नाही. मॉस्को आता फक्त रशियाची." आठवीतली पोर! वर्गात हे मीच सांगितलं होतं. मीच सांगू आणि मीच कापू?

काका : अरे, पण मॉस्को काय कुणी उचलून नेली? रस्ते तेच, इमारती त्याच.

देविका : उद्या पहाडवाल्यांना वेगळं राज्य मिळालं, मागतायतच, तर लखनऊ कुठे जाईल? विधानसभा इथेच राहील. पण नैनितालचा माणूस अर्ज घेऊन इथे येईल का? आणि दोन्हीकडचे मंत्री वर्षातून एकदा बरेलीत जमले, तर बरेलीला कोणी राजधानी म्हणेल?

काका : हाँ, ये बात तो है. पण मॅडमला कोण सांगेल?

देविका : मी.

हणमंत : देविका, एप्रिलात अनन्याची नर्सरी आहे. स्टाफची मुलगी म्हणून ती जागा. तू गेलीस की तीही गेली. शाळा लांब नको, मोठा रस्ता नको, महिनाभर तूच डोकं खाल्लंस ना माझं?

देविका : खाल्लं. पण अहो, उद्या ही कुठल्यातरी वर्गात बसून खरं ते लिहील, आणि तिची बाई घाबरून ते कापेल. तसली बाई मी व्हायचं?

काका : उद्या दहाला फाईल मॅडमच्या टेबलावर जाते, बेटा. सहीशिवाय कागद कसा नेऊ?

देविका : सहीशिवाय नका नेऊ. पेन द्या.

(ती कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते.)

काका : "उत्तर बरोबर आहे. प्रश्न जुना झाला होता. चौघींचे गुण मी कापणार नाही." हे काय करून राहिली तू? नोकरी गेली समज.

देविका : समजले. तुमचं नाव कुठे घेतलं नाही, काका.

काका : काहून नाही घेतलं? डिसेंबरात मी पण अखबार वाचत होतो. छापखान्यात एक फोन करायचा होता, नाही केला. आण इकडे. खाली दोन ओळी माझ्या.

हणमंत : काका, तुमच्या रिटायरमेंटला आठ महिने राहिलेत.

काका : मग आठच महिने बोलतील ना त्या. चहा गरम करून दे, बेटा. थंडा हो गया.

देविका : देते. ...असे काय बघताय हो?

हणमंत : काही नाही. गोमती नगरला एक नवी शाळा निघालीय म्हणे.

देविका : आपल्या आलमबागहून किती लांब?

हणमंत : हिला पुढे उभी करून, स्कूटर सावकाश चालवली तर पाऊण तास.

देविका : सावकाशच चालवा.