पारावरचा मोबाईल

माह्यं माहेर देवळीचं. लगन होऊन वडनेरकडच्या या खेड्यात आली, सासू सुईन होती, तिच्या हाताखाली मीबी बायांची बाळंतपनं करू लागली. काय सांगू तुमाले, गावातलं कोनतं पोरगं माह्या हातात नाई आलं! ज्यायले मी पह्यल्यांदा धुतलं-पुसलं तेच आता मिशीवर हात फिरवून मले बेशरम म्हनतात. थू!

तर वर्ध्याकडच्या एका दवाखान्यानं मले मोबाईल देल्ला. बाई अडली, काई बिघडलं का फोन लावजो, डॉक्टरीनबाई इचारन, गाडी धाडन. चांगलंच होतं. पन टावर दूर, घरात रेंज नाई, वावरात नाई, आली त कुठं आली? पारावर! अन् पारावर दिवसभर हे गडी पत्ते कुटत बसेल असते. सुना तिथून जातीन त डोईवर पदर अन् चपला हातात.

सुनंदा, आमच्या शेजारची सून, बाळंत झाली अन् मंग अंगावरून जे जाऊ लागलं ते थांबेच ना. बंडीत निजवून तिले पाराजवळ आनलं, फोन लावला. डॉक्टरीन म्हने तिच्याशीच बोलू दे. समोर तिचा सासरा, हातात पत्ते. उठून बाजूले गेला का? नाई. कोनीच उठलं नाई. अन् हे पांढरीफट्ट पोरगी तोंडावर पदर घेऊन म्हने, ताप हाय जी. तिकडून तापाची गोळी सांगतली.

माह्या डोक्यात आगच गेली. फोन हिसकला अन् वरडली, ताप नाई बाई, रगत जाऊन राह्यलं, लुगडे भिजले, लेकरू बिनमायचं होईन, गाडी धाडा! तवा कुठं पत्ते खाली पडले. सासरा म्हने माह्या घराची इज्जत घालवली. अरे, सून मरून राह्यली होती तवा काऊन नाई उठला?

गाडी आली, सुनंदा वाचली. मंग गावानं बैठक घेतली, म्हने या बाईच्या तोंडाले आवर नाई, मोबाईल काढून घ्या. अन् देल्ला कोनाले? सुनंदाच्याच सासऱ्याले! किळस येते मले या लोकायची. आता बाईले काई झालं का तो फोन लावून देते अन् तिथंच बसते, ऐकत.

सुनंदाले आता दुसऱ्यांदा दिवस गेले. परवा चोरून आली, म्हने मावशी, सासूले सांगून मले माहेरी धाडा, मी पारावर नाई बोलू शकत. मीच तिच्या सासूशी भांडली अन् तिले एस्टीत बसवून देल्लं. देव सुखरूप ठेवो. म्हनलं, जाय पोरी, तिथं मायपाशी बस, अन् जे दुखते ते तोंड उघडून सांगजो.