सही तन्वीरची

रत्नागिरी, २००७. टेलिफोन कचेरीच्या खिडकीशी माझ्या पुढे एक बाई होती, कडेवर बाळ.

"साहेब, नवीन फ्लॅटमधल्या इंटरनेटचं काय झालं?"

"अर्ज अडकलाय, भाभी. सही तुमची आहे. फोन तन्वीर यांच्या नावावर."

"माझे मिस्टर. कुवेतला असतात."

"आणि फ्लॅट?"

"त्यांचाच. लाइटबिलही त्यांचंच. माझ्या नावावर फक्त झाडलोट."

"मग सही त्यांनीच करायला हवी. इथे, आमच्यासमोर."

"अहो, ते गेले त्यानंतर हा झाला. याला दात आले, बापाने अजून फोटोतच बघितलाय. म्हणून तर त्यांनी कॉम्प्युटरला लावायचा कॅमेरा पाठवला, इंटरनेटवरून याला बघायला."

"कॅमेरा चांगला आहे ना? मग अर्धं काम झालंच."

"कागद कुवेतला पाठवून सही आणते."

"चालणार नाही. उद्या कोणीही तन्वीर म्हणून सही ठोकेल."

"हो ना, इंटरनेटसाठी रत्नागिरीत तोतयांची रांग लागलीय!"

"चिडू नका. ते सुट्टीवर कधी येतात?"

"मे महिन्यात. आंब्याला."

"उत्तम! आले की घेऊन या. दुसऱ्या दिवशी जोडून देतो."

"तेव्हा मुलगा त्यांच्या मांडीवर असेल. इंटरनेटचं काय करू, लोणचं घालू?"

"मग अर्ज रद्द करा."

"करा. आत्ताच करा."

"तसा होत नाही, भाभी. त्यालाही सही त्यांचीच लागते."