चॉकलेटची अंडी कुणी खाल्ली?

जनावरांच्या दवाखान्यात मांजर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंना शेजारच्या बाकावरचं आजी-आजोबांचं बोलणं नको म्हटलं तरी ऐकू येत होतं. त्यांचा म्हातारा कुत्रा आजोबांच्या पायाशी पसरला होता.

“नातवंडांसाठी ईस्टरची चॉकलेटची अंडी आणली, बागेत लपवायची म्हणून. सकाळी बघते तर पिशवी रिकामी!”

“अगं, बरा दिसतोय तो.”

“कसला बरा? चॉकलेट म्हणजे कुत्र्याला विषच हो. आता इंजेक्शन देऊन उलटी करवणार आहेत.”

“इंजेक्शन? या वयात?”

“मग काय करणार? सगळी खाल्ली त्याने.”

“त्याने नाही खाल्ली.”

“म्हणजे?”

“मी खाल्ली.”

“अहो, पण चांदीचे कागद त्याच्या गोधडीवर होते!”

“ते... मीच टाकले.”

आजी खाली वाकल्या आणि त्यांनी कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसलं.

“माझं गुणाचं बाळ ते! आणि तुमची शुगर हो?”

“एक उरलंय. खिशात आहे.”

“द्या इकडे.”

“टाकू नकोस गं.”

“टाकते कशाला? सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही माझ्या. आत्ता कुठे जिवात जीव आलाय. खाते मी.”